ओकलंडच्या चेटकिणींकडे चार बुधवार

आधीच सांगते, दुकानाचं नाव लिहिणार नाहीये, कारण तक्रारी बऱ्याच आहेत आणि शिकवणारी बाई मात्र मनापासून आवडली, तर उगाच कोणाचं नुकसान नको. कॅलिफोर्नियातल्या ओकलंडमध्ये आहे एवढं पुरे. बाहेरून बघितलं तर आपल्याकडचं पूजा साहित्याचं दुकानच, फक्त दारात लिंबू-मिरचीच्या जागी झाडू टांगलेला. आत गेलं की ऊद, मेण, ओलं लाकूड असा सगळा मिक्स वास, एका भिंतीवर भविष्य बघायचे टॅरोचे पत्ते आणि त्याच्या शेजारी भाडेकरूंच्या मीटिंगचं पोस्टर. मला नेमकं हेच बघायचं होतं, जादूटोणा आणि मोर्चा एका छताखाली कसा नांदतो ते.

ऑफिसमधल्या एका मैत्रिणीने इथल्या कोर्सचं सांगितलं. ऑक्टोबरचे चार बुधवार, रोज दोन तास, फी १४० डॉलर, ज्याला परवडत नाही त्याने ४० दिले तरी चालतात (कोणी विचारत नाही, हे आवडलं). विषय काय तर चेटूक आणि चळवळ. मला आधी हसूच आलं. माझं माहेर साताऱ्याचं, बाबा शाळेत मास्तर आणि तीसेक वर्षं अंनिसचे (अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे) कार्यकर्ते. आमच्या घरात लिंबं सरबतापेक्षा प्रयोगालाच जास्त लागायची. सुरीच्या पात्याला मिथिल ऑरेंज लावून वाळवायचं, मग गावात जाऊन सगळ्यांसमोर लिंबू कापायचं, रस लागला की लालभडक, लोक म्हणणार करणीचं रक्त आलं आणि बाबा म्हणणार या, आता तुम्ही कापा. नारळाच्या शेंडीत सोडियमचा खडा लपवून वर पाणी ओतलं की भडका उडतो, तो प्रयोग मला कधी करू दिला नाही, त्याचं दुःख अजून आहे. तर असल्या घरातली मुलगी पैसे भरून चेटकिणींच्या क्लासला चाललीये हे फोनवर सांगितलं तर बाबा म्हणाले, "काय गं, इंजिनिअरिंग शिकवलं ते लिंबू उतरवायला?" म्हटलं बाबा, यांच्यात लिंबू नाहीये, मेणबत्ती आहे. "मग मेणबत्तीत काय भरलंय ते बघून ये."

मेणबत्तीत काही नव्हतं, किंमत होती. "न्याय" नावाची जांभळी मेणबत्ती, वीतभर, ३२ डॉलर. "घरमालकापासून संरक्षण" नावाची हिरवी, २८. मला हे खरंच विनोदी वाटलं, कारण ज्याला घरमालकाने नोटीस दिलीये त्याच्याकडे मेणबत्तीला २८ डॉलर कुठून येणार. लेबलवर बारीक अक्षरात लिहिलंय की नफ्यातला काही भाग संस्थांना जातो. किती आणि कोणत्या ते लिहिलेलं नाही. काउंटरवरच्या मुलाला विचारलं तर त्यालाही माहीत नव्हतं.

त्याहून जास्त खटकलं ते पांढऱ्या सेजचं, म्हणजे धूपासारखा जाळतात त्या पाल्याचं. ही झुडपं दक्षिण कॅलिफोर्निया आणि खालच्या मेक्सिकोच्या बाजूला उगवतात, तिथल्या आदिवासी जमातींसाठी ती पूजेची वनस्पती आहे, आणि गेल्या काही वर्षांत घरं "शुद्ध" करायची फॅशन आल्यापासून डोंगरातून चोरून पोत्यांनी तोडली जाते. या लोकांना त्यांच्याच पूजाअर्चा मोकळेपणी करता याव्यात म्हणून अमेरिकेत कायदा झाला तो १९७८ मध्ये, म्हणजे परवा परवा. आणि इथे "जमीन मूळ मालकांना परत द्या" या पोस्टरच्या बरोब्बर खाली सेजच्या जुड्या, १८ डॉलरला एक. मी विचारलं कुठून येते, तर म्हणे "शेतातली असावी". असावी काय असावी, भाजीवालीला मेथी कुठली विचारली तर ती गावासकट सांगते!

आणि मग दगड. क्रिस्टलच्या कपाटात एक सुंदर हिरवट, काचेसारखा दगड, ८५ डॉलर, चिठ्ठीवर "अपोफिलाइट, भारत, उच्च कंपने". आता हे अपोफिलाइट, स्टिलबाइट वगैरे म्हणजे आपल्याकडचेच दगड हो, पुणे, नाशिक, जळगावकडे खडीसाठी काळा पाषाण फोडताना आतल्या पोकळ्यांमध्ये मिळतात, खाणीतल्या कामगारांना ते चांगले ओळखता येतात आणि व्यापारी येऊन घेऊन जातात, तिथून जगभर. मी त्या दगडाकडे बघत उभी राहिले. चिठ्ठीवर कंपनं होती, मजुरी किती मिळाली ते नव्हतं. सामाजिक न्याय विकणाऱ्या दुकानात एवढी एक ओळ लिहायला काय हरकत आहे? तर दुकान म्हणून माझ्याकडून पाचपैकी दोन, तेही वासाचे.

क्लास मात्र वेगळी गोष्ट आहे.

मागच्या खोलीत सतरा जण, गालिच्यावर गोल करून. दोन नर्स, एक शाळेतली लायब्ररियन, एक ट्रक चालवणारा दाढीवाला, बरीचशी कॉलेजची पोरं आणि मी. शिकवणारी साधारण पासष्टीची, पांढरी वेणी, हातात कप, आणि बोलताना मधेच "थांबा, हे मी चुकीचं सांगतेय" असं म्हणणारी. पहिला बुधवार इतिहासाचा. तिने सुरुवात केली १९६८ पासून, त्या वर्षी हॅलोविनला न्यूयॉर्कमध्ये काही बायका काळ्या टोप्या घालून वॉल स्ट्रीटवर गेल्या आणि शेअर बाजाराला शाप देऊन आल्या. गटाचं नाव विच, लाँगफॉर्म "विमेन्स इंटरनॅशनल टेररिस्ट कॉन्स्पिरसी फ्रॉम हेल". धर्म वगैरे काही नव्हता, सरळ सरळ पथनाट्य होतं. आपल्याकडे पथनाट्यात यम आणतात, यांनी चेटकीण आणली.

धर्मवाली मंडळी नंतरची. सॅन फ्रान्सिस्कोमध्ये स्टारहॉक नावाच्या बाईने आणि तिच्या मैत्रिणींनी १९७९-८० च्या आसपास क्लास घ्यायला सुरुवात केली, त्यातून रिक्लेमिंग नावाची परंपरा तयार झाली. देवी मानणं, पृथ्वी मानणं आणि त्याचबरोबर रस्त्यावर उतरणं, हे तिघं वेगळे नाहीत असं त्यांचं म्हणणं. १९८१ मध्ये डायब्लो कॅन्यनच्या अणुवीज प्रकल्पाला घेराव घातला तेव्हा ही मंडळी त्यात होती, सगळे मिळून एकोणीसशेच्या आसपास लोकांना अटक झाली. मी विचारलं, मग प्रकल्प बंद पडला का? बाई म्हणाली, नाही, १९८५ ला सुरू झाला आणि अजून चालू आहे. एवढं सरळ उत्तर मिळेल असं वाटलं नव्हतं. पुढे म्हणाली, पण तुरुंगात आणि त्या कॅम्पमध्ये शेकडो लोक एकत्र बसून, कोणी नेता नसताना निर्णय कसा घ्यायचा ते शिकलो, आणि १९९९ ला सिएटलमध्ये जागतिक व्यापार संघटनेची बैठक अडवली तेव्हा छोट्या छोट्या गटांची तीच पद्धत उपयोगी पडली.

मग आलं अलीकडचं. फेब्रुवारी २०१७ मध्ये ट्रम्पला "बांधायचा" मंत्र नेटवर फिरला आणि अमावास्येच्या आसपास ठिकठिकाणच्या लोकांनी रात्री बारा वाजता तो केला. साहित्य ऐका: त्याचा एक वाईट आलेला फोटो, टॅरोतला टॉवरचा पत्ता, केशरी मेणबत्तीचं थोटूक, टाचणी, मीठ, पाणी, पीस. मेणबत्ती नसेल तर छोटं गाजर चालेल! मी तर लोळले हसून. आमच्या गल्लीतल्या आजींनी हे ताट बघितलं असतं तर म्हणाल्या असत्या, कुठल्या तिठ्यावर ठेवायचा उतारा? बांधणं आणि शाप यात फरक आहे म्हणे, बांधणं म्हणजे त्याला इजा नको, फक्त त्याच्या हातून इतरांना इजा होऊ नये. बरं. २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये ब्रुकलिनच्या एका दुकानात मात्र सरळ शापच दिला, अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाचे न्यायमूर्ती कॅव्हनॉ यांना, १० डॉलर तिकीट लावून, आणि जमलेल्या पैशातला अर्धा भाग बायकांच्या आरोग्यासाठी आणि बेघर मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थांना. तिकडे कॅलिफोर्नियातल्या एका कॅथलिक पाद्रीने उलट न्यायमूर्तींच्या रक्षणासाठी प्रार्थना केली. म्हणजे दोन्हीकडून बंदोबस्त. न्यायमूर्ती अजून त्याच खुर्चीत आहेत.

यावर क्लासमधल्या एका पोराने, "मग काम झालं का नाही?" असं विचारलं तर बाई म्हणाली की माझ्या मते काम झालं ते खोलीत आलेल्या लोकांवर, चिडून एकट्याने फोन बघत बसले असते ते एकमेकांचे नंबर घेऊन घरी गेले. हे मला पटलं पण आणि नाही पण. पटलं कारण बाबांच्या मीटिंगा मी पाहिल्यात, अर्ध्या लोकांना नुसतं "आपण एकटे नाही" एवढंच कळायला हवं असतं. नाही पटलं कारण मग त्याला सरळ मीटिंग म्हणा की, मंत्र कशाला.

आता तक्रार. दुसऱ्या बुधवारी बाईने सांगितलं की युरोपात ९० लाख चेटकिणी जाळल्या. मी हात वर केला. हा आकडा इतिहासकारांनी कधीच मोडीत काढलाय, साधारण तीनशे वर्षांत मिळून चाळीस ते साठ हजार माणसं मारली गेली असं आता धरतात, आणि त्यात पुरुषही होते. आणि अमेरिकेतल्या सेलममध्ये १६९२ ला कोणाला जाळलंच नव्हतं, एकोणीस जणांना फाशी दिली आणि एका म्हाताऱ्याला अंगावर दगड रचून मारलं. चाळीस हजार काय कमी आहेत का हो? फुगवायची गरज काय? सगळ्या खोलीने माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच जाळायला आले आहे. बाईने मात्र वहीत लिहून घेतलं आणि पुढच्या आठवड्यात येऊन सांगितलं की तुझं बरोबर आहे, मी तो आकडा वीस वर्षं सांगत होते. अर्धा स्टार तिथेच वाढला.

त्याच दिवशी दुसरा वाद झाला. एक मुलगी म्हणाली, चेटकीण हा शब्द आपण अभिमानाने परत घेतला पाहिजे. घ्या की, इथे घ्या. पण मला राहवलं नाही, मी नंदुरबारचं सांगितलं. तिथल्या पाड्यांवर एखाद्या बाईला डाकीण ठरवतात म्हणजे काय होतं, पोर आजारी पडलं, गाय मेली, भगताने बोट दाखवलं, आणि बोट बहुतेक वेळा अशाच बाईकडे जातं जिचा नवरा नाही आणि नावावर थोडी जमीन आहे. झारखंडच्या छुटनी महतोंचं सांगितलं, १९९५ मध्ये गावाने डायन ठरवून छळलं, घर सोडावं लागलं, आणि मग त्यांनी अशाच इतर बायकांना वाचवण्यात आयुष्य घातलं, २०२१ ला पद्मश्री मिळाली. आणि महाराष्ट्रात आम्हाला जादूटोणाविरोधी कायदा मिळाला तो कोणाचा जीव गेल्यावर, तेही सांगितलं. अंनिसचे संस्थापक डॉ. नरेंद्र दाभोळकर आमच्या साताऱ्याचे. कायद्यासाठी वर्षानुवर्षं खेटे घातले, २० ऑगस्ट २०१३ ला सकाळी पुण्यात फिरायला गेले असताना गोळ्या घातल्या, त्यानंतर काही दिवसांतच वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात कायदा. माझं इंग्रजी असल्या वेळी तुटतं, मधे मधे मराठीच बोलत होते बहुतेक. कोणी काही बोललं नाही. मग त्या ट्रकवाल्याने विचारलं, "जमीन शेवटी कोणाला मिळते?" एकदम मुद्द्याचा प्रश्न. नातेवाइकांना, म्हटलं, बऱ्याच वेळा सख्ख्या दिराला.

तिसरा बुधवार, आणि हा एकटा १४० डॉलरचा आहे. त्या दिवशी मेणबत्ती नाही काही नाही. मोर्चाला जाताना काय करायचं याची सरळ तालीम. वकिलांच्या हॉटलाइनचा नंबर पक्क्या मार्करने दंडावर लिहायचा, कारण फोन काढून घेतात. कॉन्टॅक्ट लेन्स घालून जायचं नाही, अश्रुधूर आला तर डोळे साध्या पाण्याने धुवायचे, दूधबीध नाही. चकचकीत हिरव्या टोप्यावाले दिसले तर ते वकिलांचे निरीक्षक, त्यांच्याशी गप्पा मारायच्या नाहीत, त्यांना बघू द्यायचं. गटात निर्णय घेताना पटलं तर दोन्ही हात वर करून बोटं हलवायची, टाळ्या नाहीत, म्हणजे बोलणाऱ्याचा आवाज बुडत नाही. आमच्या सोसायटीच्या मीटिंगला हे लागू करा कोणीतरी, मी पाया पडेन.

मग पार्किंगमध्ये नेलं. अर्धे लोक पोलीस झाले, अर्धे आंदोलक, आणि पोलीस झालेल्यांनी तोंडाजवळ येऊन ओरडायचं. त्या आधी बाईने सांगितलं की पाय जमिनीला टेकवा, गुडघे थोडे सैल, श्वास खाली सोडा, आणि तळपायातून मुळं जमिनीत चाललीयेत असं डोळ्यांसमोर आणा. याला ते ग्राउंडिंग म्हणतात आणि हे त्यांच्या जादूतलं पहिलं पाऊल आहे. मी मनात म्हटलं, झालं सुरू. पण ती लायब्ररियन बाई, एरवी इतकी गोड, ती माझ्या नाकापासून चार इंचांवर येऊन किंचाळली तेव्हा पहिल्यांदा मी चक्क मागे पळाले आणि दुसऱ्यांदा, पाय टेकवून, उभी राहिले. यात देवी होती का फक्त श्वास होता ते बाबा ठरवतील. मला एवढं माहितीये की गुडघे सैल होते म्हणून पडले नाही.

आपल्या लोकांसाठी महत्त्वाचं: मी विचारलं की मी व्हिसावर आहे, ग्रीन कार्डच्या रांगेत बारावं वर्ष, मी काय करू? मला वाटलं आता "भिऊ नकोस" छाप भाषण येणार. बाई म्हणाली, तू अटकेच्या जवळपासही जायचं नाही. अटक झाली आणि केस सुटली तरी पुढे फॉर्मवर सांगावं लागतं, व्हिसा जाऊ शकतो, तुझ्या वकिलाला विचार. मग तिने फळ्यावर काम वाटून दाखवलं, लाल म्हणजे अटक होणारच असं धरून चालणारे, पिवळं म्हणजे होऊ शकते, हिरवं म्हणजे होऊ नये अशी काळजी घेऊन करायची कामं, पोरं सांभाळणं, डबे करणं, सुटून येणाऱ्यांसाठी रात्री जेलबाहेर चहा आणि जॅकेट घेऊन थांबणं. हिरव्या रकान्यातली माणसं नसतील तर लाल रकान्यातली उपाशी मरतील, हे तिचे शब्द. इतकी वर्षं इथे राहून "आपण व्हिसावाले, आपण काय करणार" असं म्हणत मी सोफ्यावर बसले होते, आणि मला माझं काम एका चेटकिणीने सांगितलं. पोहे करता येतात मला पन्नास माणसांचे.

शेवटचा बुधवार हॅलोविनच्या आदल्या आठवड्यातला. त्यांच्यात त्या सणाला साऊइन म्हणतात, त्यात वर्षभरात गेलेल्यांची नावं घ्यायची असतात, थोडक्यात सर्वपित्री. सॅन फ्रान्सिस्कोला याच सुमारास रिक्लेमिंगवाल्यांचा मोठा स्पायरल डान्स होतो, १९७९ पासूनचा, त्याची ही छोटी आवृत्ती. हात धरून गोल, मग गोलातून आत वळत जायचं, प्रत्येकाचं तोंड प्रत्येकासमोरून जातं. मी दोनच आठवड्यांपूर्वी मंडळाच्या भोंडल्यात हत्तीभोवती फेर धरून आले होते त्यामुळे पाय आपोआप पडत होते, फक्त खिरापत नव्हती (त्यांनी नंतर सुकी बिस्किटं दिली, त्याचा अर्धा स्टार कापलाय).

मधे एका टेबलावर फोटो, फुलं, आणि ती ३२ डॉलरवाली जांभळी मेणबत्ती. एकेकाने आपल्याला ज्यांची आठवण ठेवायचीये त्यांचं नाव घ्यायचं, याच वर्षीचं पाहिजे असं नाही, आणि बाकीचे म्हणणार, आठवण आहे तोवर ते आहेत. नर्सने कोविडमधल्या पेशंटचं घेतलं. ट्रकवाल्याने भावाचं. माझी पाळी आली तेव्हा मी आजीचं घेणार होते, ठरवून गेले होते, आणि तोंडातून आलं नरेंद्र दाभोळकर, पुणे, २० ऑगस्ट २०१३. सोळा चेटकिणींनी ते नाव जमेल तसं परत म्हटलं, "डाबोलकर" झालं त्याचं, पण म्हटलं.

एकूण क्लासला पाचपैकी चार. दुकानातून काही घेऊ नका, मार्कर घरून न्या. पार्किंग मागच्या गल्लीत सहानंतर फ्री आहे.

घरी येऊन बाबांना फोन केला, तिकडे सकाळ होती. सगळं सांगितलं, मेणबत्तीसकट. मला वाटलं ओरडतील, आयुष्यभर ज्याच्या विरोधात लढले त्याच टेबलावर डॉक्टरांचं नाव घेऊन आलीस म्हणून. बराच वेळ काही बोलले नाहीत, मागे आईचा कुकर ऐकू येत होता.

"किती जण होते गं?"

"मला धरून सतरा. आणि बाई."

"बुधवारी संध्याकाळी? ऑफिस करून?"

"हो."

"मग बरे आहेत की."